तेलाची पळी आणि दहावीचं वर्गसमीकरण



गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईने सतरा नंबरचा फॉर्म भरला. वय चौतीस, थोरली मुलगी नववीत. लग्नाआधी ही दहावीला बसली होती आणि गणितात राहिली. तेव्हा घरी कोणाला फार वाईटही वाटलं नाही. पोरीला गणित येऊन करायचं काय, असं म्हणून पुस्तकं रद्दीत गेली. आता परत तीच पुस्तकं, फरक इतकाच की लेकीला पुढच्या वर्षी लागणारं पुस्तक आईने आधी उघडलं.

महिन्याची बैठक झाली, हप्ते जमा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या, की सतरंजीवरच तिची वही निघायची. बाकीच्या जणीही थांबायच्या. आधी गंमत म्हणून, मग सवय म्हणून. पहिला धडा बरा गेला. दुसऱ्या धड्यावर, वर्गसमीकरणावर, गाडी अडली. पुस्तक सांगतं, सगळं एका बाजूला आणा, दुसऱ्या बाजूला शून्य ठेवा, मग अवयव पाडा. ताईने विचारलं, "हे शून्य काऊन आणायचं वं?" आमच्यात बी.ए. झालेल्या आम्हीच. आम्हाला सांगता आलं नाही. आम्हीही ते घोकूनच पास झालो होतो.

तर उत्तर शोधायला बसलो, आणि शोधता शोधता थेट शेजारच्या जळगाव जिल्ह्यात जाऊन पोचलो. तीच हकीकत आज सांगायची आहे. पण आधी ताईचं गणित समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट गोड लागेल.

परसबागेचा एक वाफा आहे. क्षेत्र ४० चौरस फूट. लांबी ही रुंदीपेक्षा ३ फुटांनी जास्त. तर रुंदी किती? रुंदीला क्ष म्हटलं की लांबी क्ष अधिक तीन. दोन्हींचा गुणाकार चाळीस. इथवर ताईने बरोबर लिहिलं. आणि मग लिहिलं, क्ष बरोबर चाळीस, किंवा क्ष अधिक तीन बरोबर चाळीस. ही चूक आमच्या गावातल्या निम्म्या मुली करत असतील, आणि त्यावर लाल रेघ मारण्यापलीकडे त्यांना कोणी काही सांगत नसेल.

आता बघा. दोन आकड्यांचा गुणाकार चाळीस आहे एवढंच कळलं तर त्यावरून काय कळतं? आठ पंचे चाळीस होतात, दहा चोक चाळीस होतात, वीस दुणे चाळीसही होतात. म्हणजे काहीच पक्कं कळत नाही. पण दोन आकड्यांचा गुणाकार शून्य आहे असं कळलं तर? मग त्यातला एक तरी शून्य असलाच पाहिजे, दुसरी वाटच नाही. वाफ्याचं क्षेत्र शून्य असेल तर एक तर लांबी शून्य, नाही तर रुंदी शून्य. शून्य हा एकच आकडा असा आहे की तो गुणाकारात लपू शकत नाही. म्हणून चाळीस उचलून इकडे आणायचे. क्ष वर्ग अधिक तीन क्ष वजा चाळीस बरोबर शून्य. आता असे दोन आकडे शोधायचे की त्यांचा गुणाकार वजा चाळीस आणि बेरीज तीन. आठ आणि वजा पाच. त्यावरून दोन कंस पडतात, क्ष अधिक आठ आणि क्ष वजा पाच. दोघांचा गुणाकार शून्य, म्हणजे एक तरी शून्य. क्ष एक तर पाच, नाही तर वजा आठ.

हे सांगितल्यावर ताई हसली. म्हणाली, "वजा आठ फुटाचा वाफा कोण खणीन?" हा तिचा प्रश्न लक्षात ठेवा. तो आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

बेरीज आणि गुणाकारावरून दोन आकडे ओळखायचा हा खेळ फार जुना आहे. आजच्या इराकमध्ये साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वी लोक ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूने टोचून लिहीत. त्या पाट्यांवर अशी गणितं आहेत: शेताची लांबी आणि रुंदी मिळून इतकी, क्षेत्र इतकं, तर लांबी किती आणि रुंदी किती? त्यांची रीत तोंडी करता येईल इतकी सोपी आहे. समजा बेरीज १६ आणि क्षेत्र ६०. सोळाचे निम्मे आठ. आठाचा वर्ग चौसष्ट. त्यातून साठ गेले, उरले चार. चाराचं वर्गमूळ दोन. आठात दोन मिळवा, दहा. आठातून दोन काढा, सहा. दहा आणि सहा, झालं. क्ष नाही, कंस नाही, शून्यही नाही. ही रीत मनात ठेवा, थोड्या वेळाने माकडं मोजायला लागेल.

शून्याला आकड्यांच्या पंगतीत पाट मांडून दिला तो आपल्याकडे. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धान्त हा ग्रंथ लिहिला. त्यात शून्याशी बेरीज कशी करायची, वजाबाकी कशी, गुणाकार कसा, याचे नियम आहेत. कशालाही शून्याने गुणलं तर शून्य, हेही आहे. आणि अधिक-वजा आकड्यांना त्याने शब्द कोणते वापरले माहीत आहे? धन आणि ऋण. धन म्हणजे जवळचा पैसा, ऋण म्हणजे कर्ज. आमच्या गटाच्या वहीत डावीकडे बचत आणि उजवीकडे कर्ज लिहितो ना, तेच. ऋणातून ऋण फिटलं तर काय उरतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. वजा संख्या अवघड असतात असं म्हणणाऱ्याने एकदा कर्जाच्या हप्त्याच्या दिवशी आमच्या बैठकीला येऊन बसावं.

आता येऊ आपल्या मुलखाकडे. भास्कराचार्यांचं नाव आपण ऐकलेलं असतं, पण ते कुठले म्हटलं की उज्जैनचे नाही तर काशीचे असं काहीतरी वाटतं. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४, आणि गाव सह्याद्रीजवळचं विज्जडवीड. हे गाव आज कोणतं, यावर विद्वानांचे वाद आहेत, त्यात आपण पडायला नको. गणित त्यांना शिकवलं त्यांच्या वडिलांनी, महेश्वरांनी. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला. त्याचा एक भाग लीलावती, त्यात हिशेबाचं गणित. दुसरा भाग बीजगणित. आपल्या शाळेत जो विषय बीजगणित म्हणून शिकलो, तो शब्द या पुस्तकाच्या नावातच आहे.

त्या पुस्तकात क्ष नाही. माहीत नसलेल्या संख्येला भास्कराचार्य यावत्-तावत् म्हणतात, म्हणजे जेवढी असेल तेवढी. एकापेक्षा जास्त माहीत नसलेल्या संख्या आल्या की त्यांना रंगांची नावं देतात. काळक, नीलक, पीतक, लोहितक, म्हणजे काळा, निळा, पिवळा, लाल. वजा संख्या असेल तर तिच्या डोक्यावर टिंब. ताईला हे क्षपेक्षा फारच आवडलं. रांगोळीचे डबे मांडल्यासारखं वाटतं, म्हणाली.

आणि गणितं कशाची, तर माकडांची. वानरांचा एक कळप आहे. कळपाचा आठवा हिस्सा घ्या आणि त्याचा वर्ग करा, तेवढी वानरं झाडीत उड्या मारताहेत. उरलेली बारा टेकडीवर बसून एकमेकांना आवाज देताहेत. एकूण वानरं किती?

याचं समीकरण मांडून छेद काढला की क्ष वर्ग वजा चौसष्ट क्ष अधिक सातशे अडुसष्ट बरोबर शून्य. म्हणजे असे दोन आकडे हवेत की बेरीज ६४ आणि गुणाकार ७६८. इराकवाल्यांची रीत काढा. चौसष्टाचे निम्मे बत्तीस. बत्तिसाचा वर्ग एक हजार चोवीस. त्यातून सातशे अडुसष्ट वजा, दोनशे छप्पन्न. त्याचं वर्गमूळ सोळा. बत्तीस अधिक सोळा अठ्ठेचाळीस, बत्तीस वजा सोळा सोळा. पडताळा घ्या. अठ्ठेचाळिसाचा आठवा हिस्सा सहा, सहाचा वर्ग छत्तीस, अधिक बारा, अठ्ठेचाळीस. सोळाचा आठवा हिस्सा दोन, दोनाचा वर्ग चार, अधिक बारा, सोळा. दोन्ही बरोबर! एकाच प्रश्नाची दोन खरी उत्तरं, आणि भास्कराचार्य दोन्ही मान्य करतात.

लगेच पुढे आणखी एक कळप येतो. कळपाचा पाचवा हिस्सा घेतला, त्यातून तीन कमी केले, आणि त्याचा वर्ग केला, तेवढी वानरं गुहेत शिरली. एक तेवढं फांदीवर चढताना दिसलं. एकूण किती? गणिताने पुन्हा दोन उत्तरं येतात, पन्नास आणि पाच. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा, तीन कमी म्हणजे सात, साताचा वर्ग एकोणपन्नास, अधिक एक, पन्नास. छान. आता पाच घ्या. पाचाचा पाचवा हिस्सा एक. एकातून तीन कमी? वजा दोन. वजा दोनाचा वर्ग चार, अधिक एक, पाच. वहीत अगदी बरोबर उतरतं. पण भास्कराचार्य म्हणतात, हे दुसरं उत्तर घेऊ नये, कारण अशा ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही.

म्हणजे वजा आठ फुटांचा वाफा कोण खणेल, हा आमच्या ताईचा प्रश्न भास्कराचार्यांनी साडेआठशे वर्षांपूर्वी विचारून ठेवला होता. आम्ही तिला हे सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. आम्हाला यातलं एवढं फार पटतं की समीकरण सोडवणं वेगळं आणि उत्तर निवडणं वेगळं. समीकरणाला माकडं माहीत नसतात, वाफा माहीत नसतो. ते आपल्याला माहीत असतं. कर्जाच्या वहीत वजा दोन चालतात, माकडांत चालत नाहीत.

एक गोष्ट सरळ सांगायला हवी. भास्कराचार्य शाळेच्या पुस्तकासारखे अवयव पाडत नव्हते. ते दोन्ही बाजूंत सारखीच भर घालून एका बाजूचा पूर्ण वर्ग करत आणि मग वर्गमूळ काढत. ही युक्ती आपल्या आधीच्या श्रीधराचार्यांची आहे असं ते नाव घेऊन सांगतात. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही. ती रीत टिकली ती भास्कराचार्यांनी त्यांचं नाव घेऊन लिहून ठेवली म्हणून. आणि कंसांचा गुणाकार बरोबर शून्य ही जी मांडणी आपल्या मुली करतात, ती दिसते थॉमस हॅरियट नावाच्या इंग्रजाच्या पुस्तकात. ते छापलं गेलं १६३१ साली, त्याच्या मरणानंतर दहा वर्षांनी. म्हणजे बेरीज-गुणाकाराचा खेळ इराकचा, शून्याचा आणि ऋणाचा नियम आपला, आणि कंस मांडून दाखवले विलायतेत. दहावीच्या एका पानामागे एवढे सगळे लोक उभे आहेत.

आता शेजारच्या जिल्ह्याची गोष्ट. मलकापूरला गाडीत बसलं की भुसावळ, जळगाव, पाचोरा करत चाळीसगाव येतं. तिथून साधारण अठरा किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी पाटण. पाटणादेवीला आपल्यातल्या कितीतरी जणी जाऊन आल्या आहेत, ओटी भरून, दर्शन घेऊन आल्या आहेत. तिथल्या देवळात एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख मिळाला. मुंबईत मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्यांपैकी हे एक, म्हणून त्यांचं नाव आवर्जून घेतो.

हा लेख १२०७ सालच्या सुमाराचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचे मुख्य ज्योतिषी होते. त्यांनी पाटणला एक मठ काढला. मठ म्हणजे तिथे विद्यार्थी राहून शिकणार, आणि शिकणार काय, तर भास्कराचार्यांचे आणि त्यांच्या घराण्यातल्यांचे ग्रंथ. तिथल्या निकुंभ घराण्याच्या राजाने, सोइदेवाने, या मठाला देणगी दिली. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी देणग्यांचा तपशील येतो तो जुन्या मराठीत. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला. आणि जेवढे तेलाचे घाणे चालतील, तेवढ्या प्रत्येक घाण्यामागे एक एक पळी तेल मठाला.

इथे आम्ही थांबलो. आठशे वर्षांपूर्वी बीजगणिताची शाळा चालायची ती गावच्या घाण्याच्या तेलावर. राजाने दानपत्र दिलं खरं, पण पळी भरायची ती घाणेवाल्याच्या घरातून. आमच्या ग्रामसंघात दोन गट लाकडी घाण्याचं तेल काढतात. त्यांना हे सांगितलं तर एकजण म्हणाली, "म्हंजे शाळा आपल्या तेलावर, अन् शिकाले कोन?"

तिचा प्रश्न खरा आहे. त्या लेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ दिली आहे. सहा पिढ्या आधीच्या त्रिविक्रमापासून ते नातू चांगदेवापर्यंत नऊ नावं. सगळी पुरुषांची. बाप शिकवतो, लेक शिकतो, लेकाचा लेक मठ काढतो. मध्ये एकही बाई नाही.

यावर कोणी म्हणेल, लीलावती होती की! ती गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा एकच मुहूर्त होता. भोकाचं घटिकापात्र पाण्यात ठेवलं, ते बुडेल तो मुहूर्त. मुलगी कौतुकाने वाकून बघायला गेली, दागिन्यातला मोती पात्रात पडला, भोक बुजलं, पात्र बुडालंच नाही आणि मुहूर्त टळला. मग बापाने समजूत काढली, तुझ्या नावाने पुस्तक लिहितो, ते कायम राहील. ही गोष्ट येते फैजीच्या फारसी भाषांतरात. अकबर बादशहाच्या सांगण्यावरून १५८७ मध्ये ते झालं, म्हणजे मूळ पुस्तकानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या पुस्तकात मुलीची, मोत्याची, मुहूर्ताची गोष्ट नाही. त्यात प्रश्न विचारताना कुठे बाळे अशी हाक आहे, कुठे प्रिये अशी, कुठे मित्रा अशी. म्हणून ती मुलगी होती की पत्नी की नुसतं पुस्तकाचं गोड नाव, हे त्यावरून ठरत नाही.

खरं सांगायचं तर आम्हाला ती मोत्याची गोष्ट फारशी आवडत नाही. लग्न मोडलं म्हणून मुलीच्या वाट्याला गणित आलं, असा तिचा अर्थ होतो. आमच्या ताईचं उलटं झालं होतं, लग्न ठरलं म्हणून गणित सुटलं. दोन्हींत गणिताची किंमत लग्नाने ठरवली. पण एक आहे. हाक मारलीय ती बाईमाणसाला, आणि हाक मारून विचारलंय, सांग, किती? तिला उत्तर येईल असं धरून विचारलंय.

आपल्या बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे. त्या घरीच वडिलांकडून शिकल्या, आणि १८८२ मध्ये त्यांनी स्त्री-पुरुष तुलना छापलं. चांगदेवाच्या मठानंतर पावणेसातशे वर्षांनीही शिकायचं तर मुलीला बापाच्या मर्जीवर शिकावं लागत होतं. मर्जी असली तर ताराबाई, नसली तर काहीच नाही. आज शाळा गावात आहे, पुस्तक मिळतं, सायकल मिळते. तरी आमच्या गटांमध्ये शिक्षण कुठे थांबलं असं विचारलं की बऱ्याच जणी दहावी म्हणतात, आणि कशात राहिलात विचारलं की गणिताचं नाव ऐकू येतं.

ताई मार्चमध्ये परीक्षेला बसली. पेपर देऊन आली तशी थेट बैठकीला आली, आणि सांगितलं की अवयवांचा प्रश्न आला होता आणि तिने दोन्ही कंस शून्याशी मांडले. आता दर बैठकीत तिची लेक आणि आणखी चार मुली येऊन बसतात, आणि शून्य काऊन आणायचं ते ताईच त्यांना सांगते, वाफा काढून.

जाता जाता लीलावतीतलं एक कोडं तुमच्या गटासाठी ठेवतो. भुंग्यांचा एक थवा आहे. थव्याच्या निम्म्या संख्येचं वर्गमूळ काढा, तेवढे भुंगे मालतीच्या फुलांवर गेले. सगळ्या थव्याचे नऊ भाग केले, त्यातले आठ भागही तिकडेच गेले. उरला एक भुंगा, तो सुगंधाच्या मोहाने कमळात शिरला आणि रात्री कमळ मिटल्यावर आत अडकला, आणि बाहेर त्याच्यासाठी गुणगुणणारी एक भुंगी. तर थव्यात एकूण भुंगे किती? उत्तर शंभराच्या आत आहे, आणि त्याला नवाने नि:शेष भाग जातो. पहिल्यांदा अंदाजाने करून बघा, मग समीकरण मांडा. घरात कोणी नववी-दहावीला असेल तर तिलाही सोबत घ्या. उत्तर पुढच्या भागात.